तीन मिलिमीटरचा तुडतुडा ओळखताना या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की मला फोटो यायला लागतात. अमेरिकेतल्या ओहायोतलं, ओक-हिकरी-मेपलच्या जंगलाला चिकटून असलेलं घर, रात्रभर जळणारा दिवा आणि दाराच्या जाळीवर बसलेला पिवळट अंगाचा, लाल नागमोडी रेघांचा इवलासा तुडतुडा. खाली प्रश्न ठरलेला: "हा एरिथ्रोन्यूरा कोमेस ना?"

कोमेस द्राक्षवेलीवरचा. जंगलाकडेला दिव्यावर आलेला बहुधा त्याचा चुलतभाऊ, एराटोन्यूरा. या एकट्या वंशात (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) शंभराहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच याच झाडांवर राहतात. आपल्या कपाशीवरचा तुडतुडाही याच टिफ्लोसायबिनी उपकुळातला. पण तिथे पीक बघितलं की अर्धं काम होतं, इथे तशी सोय नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रंगावरून जात ठरवणं. तीच नक्षी चार जातींत सापडते आणि एकाच जातीत चार नक्ष्या सापडतात. त्यात थंडीला सामोरे जाणारे प्रौढ जास्त लाल होतात. हे पुस्तकात वाचूनही मी फसलो. एका नोव्हेंबरात पालापाचोळा चाळून लालभडक तुडतुडे काढले, वेगळ्या डबीत ठेवले आणि हिवाळाभर "नवीन काहीतरी" म्हणून मिरवलं. मार्चमध्ये नरांची जननांगं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर जुलैत त्याच ओकवरून पकडलेल्या फिक्या तुडतुड्यांसारखी तंतोतंत! डबीवरची चिठ्ठी फाडताना बायको शेजारीच उभी होती.

म्हणून माझी सवय: एका झाडावरून, एका दिवशी, निदान वीस तरी पकडायचे. पोटाच्या टोकाखाली अंडी घालायची सुरी दिसली तर मादी, ती बाजूला. जातीचं नाव नरावरून. नर मिळाला नाही तर वंशापर्यंत लिहून थांबायचं. उतावळ्या मंडळींना हे थांबणंच जमत नाही. त्यांना रात्रीच्या जेवणाआधी नाव हवं असतं, आणि फोन ते देतोही, छातीठोकपणे.

दुसरी माझी नावडती चूक: ज्या झाडावर सापडला तेच त्याचं झाड मानणं. हे तुडतुडे हिवाळा प्रौढ अवस्थेत काढतात, पाचोळ्यात, गवतात, सदाहरित झाडांच्या आडोशाला. जानेवारीत जरा ऊन पडलं की बाहेर येतात. त्या दिवसांत ज्युनिपरची फांदी झटकली तर खाली धरलेल्या चादरीवर डझनभर पडतील, पण म्हणून ते ज्युनिपर खात नाहीत. दिव्यावर आलेल्यांबद्दल तर काही बोलूच नका. मी पानाची खालची बाजू बघतो. पिल्लांना उडता येत नाही, त्यामुळे पिल्लं असतील तर पुरावा बरा. शंका राहिलीच तर पिल्लांसकट फांदीवर मलमलची पिशवी बांधतो आणि प्रौढ निघेपर्यंत वाट बघतो.

बाकीचं थोडक्यात. मागच्या तंगडीवर काट्यांच्या लांब रांगा नसतील तर तो तुडतुडाच नव्हे. पुढच्या पंखाच्या बुडापासून मध्यापर्यंत आडव्या शिरा दिसल्या तर टिफ्लोसायबिनी विसरा. ओकच्या पानावर तुडतुड्याने केल्यासारखे पांढरे ठिपके आहेत, पण खाली डांबराच्या थेंबांसारखी विष्ठा आहे? तो जाळीदार पंखांचा लेस बग. फोटोत मोजपट्टी नसेल तर मला पाठवू नका. आणि चिठ्ठीवर तारीख, जागा, झाड लगेच लिहा. "घरी गेल्यावर लिहू" म्हणणाऱ्यांच्या डब्या माझ्याकडे पडून आहेत.

राहता राहिलं, आतली जननांगं दिसावीत म्हणून नराचं पोट रसायनात साफ करणं. नराचं पोट अलगद तोडून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर, घरातल्याच तापमानाला ठेवायचं, मग पाणी, मग ग्लिसरीन. गरम केलं तर काही मिनिटांत होतं, हे खरं. मीही एकदा केलं, कारण पाहुणे यायचे होते. सिकॅमोरच्या झाडावरचा तो एकच नर होता. फोन वाजला, मी उठलो, परत आलो तेव्हा नळीत ढवळलेलं पिवळं पाणी आणि तळाशी कातडीची एक चिंधी. तो नर अजून माझ्या पेटीत टाचणीवर आहे, पोटाशिवाय. चिठ्ठीवर लिहिलंय: एराटोन्यूरा, जात अनिश्चित.