दोन रॅम्पचं गॅरेज चालवायचं तर आधी वही घ्या, मग पाना

फलटणमध्ये रोडच्या कडेला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, दोन रॅम्प, एक कॉम्प्रेसर, मी आणि हाताखाली एक पोरगा, बस. नवीन पोरं येतात, दादा मला पण गॅरेज टाकायचंय काय काय लागेल म्हणतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न टूल किट कुठलं घेऊ हाच असतो. वही कुठली घेऊ असं अजून एकानेही विचारलं नाही, आणि खरं सांगू का, हात चांगला असलेले मेकॅनिक मी बंद पडताना बघितलेत आणि ते सगळे वही न ठेवल्यापायीच बंद पडलेत. म्हणून मी जसं करतो तसं क्रमाने लिहितोय.

जागा आणि कागद

जागा बघताना भाड्याच्या आधी दोन गोष्टी बघा, पावसात पाणी कुठं साचतं आणि दुकानासमोर चार गाड्या उभ्या राहतात का. मेन चौकातलं महागडं दुकान नको, चौकापासून दोनशे मीटर आत चालतं, बंद पडलेली गाडी माणूस तेवढी ढकलत आणतो. मोठी जागा घेतली की भाडं तुम्हाला झोपू देत नाही.

कागदांचा बाऊ करू नका. दोन-तीन माणसांच्या दुकानाला गुमास्ता (दुकानाची सरकारी नोंद) म्हणजे ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, एवढंच. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, फुकट आहे, आधार नंबरवर होते, कोणी त्याचे हजार रुपये मागितले तर उठून या. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर सक्तीचा नाही, पण उलाढाल म्हणजे मजुरी आणि पार्ट दोन्ही मिळून हे ध्यानात ठेवा. पैसा कमी पडला तर मुद्रा लोन आहे, शिशु गटात 50,000 पर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत मिळतं. बँकेत कोटेशन लागतं, ते टूलवाल्याकडून आधीच घेऊन जा म्हणजे हेलपाटे वाचतात.

टूल थोडे पण चांगले

पहिल्या दिवशी सगळं घ्यायचं नाही. रिंग पाने, टी पाने (8, 10, 12, 14), सॉकेट सेट, एलन की, इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, मॅग्नेट पुलर, क्लच होल्डर आणि एक बरा मल्टिमीटर, एवढ्यावर सर्व्हिसिंगपासून क्लच प्लेटपर्यंत सगळं निघतं. टॉर्क रेंच लोक घेत नाहीत, हाताला अंदाज आहे म्हणतात आणि मग ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले की लेथवाल्याकडे पळतात. लेथवाल्याला एकदा दिलेत तेवढ्या पैशात रेंच येतो. रॅम्प मात्र पहिल्या वर्षातच घ्या, खाली बसून काम केलं की चाळिशीत कंबर जाते, माझी गेलीय म्हणून सांगतोय.

आता बीएस-6 चा, म्हणजे गाडीच्या धुराच्या नव्या नियमाचा विषय. एप्रिल 2020 पासून नवीन गाड्या बीएस-6 यायला लागल्या, बहुतेक गाड्यांमधून कार्बोरेटर गेला आणि इंजेक्टर आला. जुनी सवय म्हणजे गाडी आली की पहिला स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरला, ती सवय सोडा. इंजिनाची लाइट पेटलीय का ते आधी बघा, काही गाड्यांत ती लाइट किती वेळा लुकलुकते त्यावरूनच बिघाडाचा कोड कळतो, बाकीच्यांना स्कॅनर लागतो. स्कॅनर नसेल तर सुरुवातीला दुसऱ्या गॅरेजवाल्याकडे गाडी नेऊन त्याला पैसे द्या आणि उभं राहून बघा, त्यात लाज नाही. आणि वॉशिंगवाल्या पोराला बजावून ठेवा की सीटखाली आणि वायरिंगच्या कनेक्टरवर प्रेशरचं पाणी मारायचं नाही, एकदा पाणी शिरलं की गाडी चालू होत नाही आणि नाव तुमचं होतं.

गाडी दारात आली की

आता वही. गाडी आली की पाना उचलायचा नाही, आधी लिहायचं. नाव, फोन, गाडी नंबर, किलोमीटर, पेट्रोल किती, कुठं घासलंय, कुठं तुटलंय, डिकीत काय आहे आणि गिऱ्हाईक काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत. सुरुवातीला मी हे काही करत नव्हतो. मग एकदा एका स्कूटरवाल्याने संध्याकाळी डिकी उघडली आणि म्हणाला, ह्यात रेनकोट होता. होता का नव्हता मला काय माहीत, चार माणसांसमोर आवाज चढला आणि मी गपचूप नवीन रेनकोट घेऊन दिला. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. आता तर मोबाईल आहे, गाडीभोवती फिरून वीस सेकंदांचा व्हिडिओ काढायचा, डिकी उघडून दाखवायची, झालं.

गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायचं का, तर त्यात उत्तर दडलेलं असतं. परवा एक काका आले, स्प्लेंडर घेऊन.

"पोरा, गाडी वढत न्हाय बघ. क्लच गेलाय म्हणत्यात."

"कोण म्हणतं काका?"

"आमचा पुतण्या."

"बरं. कधी वढत नाही? सकाळी का तापल्यावर?"

"सकाळी बरी असती. बाजारातनं मागारी येताना जड हुती."

मी लिहिलं, तापल्यावर जड. अशा वेळी स्वस्तातल्या तपासणीपासून सुरू करायचं. मेन स्टँडला लावली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. मोकळं फिरायला पाहिजे ते अर्ध्या फेऱ्यात थांबलं. मागचा ब्रेक धरत होता, गाडी चालली की ड्रम तापतो आणि अजून धरतो म्हणून येताना जड. ब्रेकचा कॅम सुका पडलेला, काढला, साफ केला, किंचित ग्रीस लावलं, चेन आवळलेली होती ती सैल केली, टायरात हवा भरली. क्लचला हातच लावला नाही. काका म्हणाले, मग पुतण्या काय शिकलाय!

हसू नका, अगदी ह्याच दुखण्यावर पहिल्या वर्षी मी एकाच्या क्लच प्लेट बदलल्या होत्या. पैसे घेतले, गाडी तशीच जड, तो माणूस परत आला आणि मग चाक फिरवून बघितलं. ते पैसे परत द्यावे लागले आणि प्लेटचे खिशातून गेले. तेव्हापासून पिकअपची तक्रार असली की माझा क्रम ठरलेला आहे, चाक मोकळं का, चेन, हवा, एअर फिल्टर, प्लग, आणि सगळ्यात शेवटी क्लच. टॉप गिअरला रेस वाढतोय पण गाडी पळत नाही असं ट्रायलला स्वतःला जाणवलं तरच क्लच खोलायचा.

अजून एक, अलीकडे पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे आमच्याच भागातला ऊस आमच्याच कार्बोरेटरात यायला लागलाय. इथेनॉल पाणी ओढतं. महिनाभर उभी असलेली जुनी गाडी आली की किका मारत बसू नका, कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत पेट्रोल घ्या, खाली पाण्याचा थर दिसला तर तिथंच उत्तर मिळालं. बाटली गिऱ्हाइकाला पण दाखवा, मग टाकी साफ करायची मजुरी तो कुरकुर न करता देतो.

आकडा नट सोडायच्या आधी

ह्यात सगळे चुकतात. काम किती होईल ते आधी सांगायचं, आणि उघडल्यावर आणखी काही निघालं तर तिथंच हात थांबवून फोन लावायचा. फोटो पाठवायचा, "दादा, लायनर संपलेत, हा बघा फोटो, एवढे जास्त होतील, करू का?" आणि त्याचं हो व्हॉट्सॲपवरच घ्यायचं, म्हणजे संध्याकाळी वाद नाही. जुना पार्ट फेकायचा नाही, नव्याच्या खोक्यात घालून त्याच्या हातात द्यायचा. गिऱ्हाईक तो बाहेर कचऱ्यात टाकेल, टाकू दे.

मजुरी किती लावायची ते शेजारच्याला विचारून ठरवू नका, वहीत मांडा. समजा भाडं 8,000, लाईट 2,500, पोराचा पगार 12,000, किरकोळ 4,500 आणि तुमचा स्वतःचा पगार 25,000. हो, स्वतःचा पगार खर्चात धरायचा, नाहीतर गल्ल्यातले पैसे घरी जातात आणि महिनाअखेरीला पार्टवाल्याचा फोन उचलायची हिंमत होत नाही. बेरीज 52,000. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोज 2,000 सुटायला पाहिजेत. रोज सहा गाड्या होत असतील तर प्रत्येक गाडीमागे मजुरी आणि पार्टवरचा नफा मिळून 335 च्या आसपास आलेच पाहिजेत. एवढं कळलं की "दीडशेत सर्व्हिसिंग करून दे की" म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं ते आपोआप जमतं.

पार्ट

चालणारा माल तेवढाच ठेवा, ऑइल, प्लग, फिल्टर, ब्रेक लायनर, केबल, बल्ब. चेन स्प्रॉकेट किट, बोअर-पिस्टन असलं लागेल तसं मागवा, पुण्याहून नाना पेठेतून संध्याकाळच्या गाडीने माल येतो. लोकल आणि ओरिजिनल दोन्हीचे भाव गिऱ्हाइकाला सांगा आणि कुठला टाकला ते बिलावर लिहा. लोकल टाकून ओरिजिनलचे पैसे घेतले तर एकदाच कमावता. 22 सप्टेंबर 2025 पासून पार्टवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टना 28 होता, तेव्हा जुन्या एमआरपीचा माल कोणी गळ्यात मारत असेल तर पाकीट उलटून बघा.

ऑइलमध्ये एक घोळ नेहमी होतो. ओल्या क्लचच्या (क्लच इंजिन ऑइलमध्येच असतो अशा) मोटारसायकलला जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए-2 लिहिलेलं ऑइल, आणि गिअर नसलेल्या स्कूटरला बहुतेक एमबी. स्कूटरचं ऑइल मोटारसायकलला ओतलं की क्लच घसरू शकतो आणि मग बसा शोधत. डब्याच्या मागे बारीक अक्षरात असतं, पोराला वाचायला शिकवा. काळं ऑइल गटारात किंवा मागच्या शेतात ओतू नका, ते घातक कचऱ्यात मोडतं, ड्रममध्ये साठवून मंजुरी असलेल्या रिसायकलवाल्यालाच द्या. जुनी बॅटरी नवीन घेताना डीलरला परत, तेवढे पैसे कमी होतात.

उधारी

आमच्याकडे उधारीची तारीख एकच असते, ऊस बिल आलं की. कायद्याने ऊस घातल्यावर 14 दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, आता ते कधी मिळतात हे शेतकऱ्याला विचारा. म्हणून उधारी देणारच नाही असं गावात चालत नाही, पण माझा नियम असा की पार्टचे पैसे रोख, मजुरी राहिली तर राहू दे. पार्टचे पैसे माझे नसतात, दुकानदाराचे असतात. मजुरी बुडाली तर माझा घाम बुडाला, धंदा बुडत नाही. आणि वहीत गिऱ्हाइकाच्या समोर लिहायचं, त्याला आकडा वाचायला लावायचा.

माणूस आणि महिने

पोरगा ठेवताना अठरा पूर्ण झालेलाच ठेवा, चौदाच्या आतलं पोर कामाला ठेवणं सरळ गुन्हा आहे, "शिकायला आलाय" म्हणून सुटका नाही. आयटीआयचा असेल तर उत्तम, पण त्याला पहिला महिना फक्त जॉब कार्ड, म्हणजे गाडी आली की वहीत करायची ती नोंद, लिहू द्या आणि ट्रायल मारू द्या, कान तयार होतो. ट्रायलला हेल्मेट, गिऱ्हाइकाची गाडी आहे.

धंदा वर्षभर सारखा नसतो. जूनमध्ये ब्रेक आणि वायरिंग, पालखी असते तेव्हा रस्ता बंद, तो दिवस पंक्चर सोडून काही नाही. पावसाळ्यात उंदीर स्कूटरची वायर कुरतडतात, इन्सुलेशन टेपचे चार रोल जास्त आणून ठेवा. दसऱ्याच्या आधी आठ दिवस वॉशिंगला रांग लागते, तेव्हा मोठं इंजिनकाम अंगावर घेऊ नका, खंडेनवमीला तुमच्याच पान्यांची पूजा असते आणि रॅम्पवर एखादं उघडं इंजिन पडलेलं चांगलं दिसत नाही.

इलेक्ट्रिक स्कूटर आली तर ब्रेक, टायर, शॉकप, बेअरिंग बिनधास्त करा. बॅटरीचा डबा मात्र ट्रेनिंग घेतल्याशिवाय उघडायचा नाही.

शटर ओढायच्या आधी

भिंतीवर प्लायवूड ठोका, त्यावर प्रत्येक पान्याचा आकार मार्करने काढा आणि रात्री जागा रिकामी दिसली की शटर ओढायचं नाही. दहा नंबरचाच पाना असतो तो, दुसरा हरवतच नाही. मागच्या महिन्यात असाच गायब होता, अर्धा तास शोधला, रॅम्पखाली झाडू मारला, शेवटी वही उघडून त्या दिवशीच्या सहा गाड्या काढल्या आणि एकेकाला फोन लावला. चौथ्याने सीट काढून बघितली, एअर फिल्टरच्या डब्यावर पडला होता. म्हणाला, "दादा, सकाळपासनं खडखड वाजतंय, मला वाटलं परत खर्च निघाला."