‘फाइन’ हा एक शब्द पुरता कसा शिकावा

टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांना परदेशातून आलेली पत्रं वाचून मालकांना मराठीत समजावायची आणि त्यांचं उत्तर इंग्रजीत लिहून द्यायचं, हे काम मी सोलापुरात बावीस वर्षं करते आहे. संध्याकाळी घरी मुलं इंग्रजी शिकायला येतात. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर हमखास यादी असते: फाइन म्हणजे छान, उत्तम, बारीक, बरा, दंड. खाली दहा समानार्थी शब्द, पाठ करून आणायला सांगितलेले. ती यादी मी पहिल्याच दिवशी बंद करायला लावते. पाच अर्थ पाठ असलेल्या मुलासमोर वाक्य आलं की त्यातला कुठला अर्थ लावायचा हे त्याला सांगता येत नाही. खरं काम तर तेवढंच असतं.

पहिली पायरी: वाक्यं जमवा. अर्थ जमवू नका. ‘फाइन’ असलेली वीस वाक्यं अख्खीच्या अख्खी वहीत उतरवा. ग्रंथालयातली पाटी, बँकेच्या कागदामागचा मजकूर, क्रिकेटचं समालोचन, मोबाइलवरचा निरोप, पाककृती, काहीही चालेल.

दुसरी पायरी: दंड बाजूला काढा. ‘अ फाइन’, ‘वॉज फाइन्ड’, ‘पे द फाइन’ अशी नामं आणि क्रियापदं दिसली की तो पैशांचा दंड. सोपं आहे, पाच मिनिटांत होतं.

पण इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती कळली की शब्द डोक्यात बसतो. दंड आणि उत्तम हे अर्थ एकाच मुळातून निघाले आहेत. लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे शेवट, सीमा. भांडण मिटवून प्रकरणाचा शेवट करण्यासाठी द्यायची रक्कम ती ‘फाइन’. जे शेवटापर्यंत नेलं, ज्यात आता काही करायचं उरलं नाही, ते उत्तम, म्हणून तेही ‘फाइन’. फिनिश, फायनल, रिफाइन, इतकंच काय फायनान्ससुद्धा याच घरातले. आपल्या ‘दंड’ शब्दाकडे बघा. काठी दंड, खांद्याखालचा दंड, तालमीत काढायचा दंड आणि पावती फाडून भरायचा दंड. यांच्यात आपला कधी घोटाळा होत नाही, कारण आपण शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते आपोआप बघतो. इंग्रजीत तेच मुद्दाम करायचं असतं.

तिसरी पायरी: ‘फाइन’ कुठे बसलाय ते बघा. सगळी अडचण इथेच आहे. मी इथेच अडखळले होते, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

काम सुरू करून जेमतेम वर्ष झालं होतं. एका ग्राहकाने टॉवेलचे नमुने बघून लिहिलं, ‘द कलर इज फाइन.’ मी मालकांना सांगितलं, “काका, रंग त्यांना फार आवडलाय.” काका खूश झाले. पुढची ऑर्डर याच रंगाची येणार असं धरून त्यांनी सूत आधीच रंगवून घेतलं. ऑर्डर आली ती दुसऱ्याच रंगाची. मरून रंगाच्या सुताचे ते कोन, म्हणजे शंकूसारखी मोठी रिळं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, वर लॉट नंबरची चिठ्ठी, असे गोदामाच्या कोपऱ्यात कितीतरी महिने पडून होते. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण तिकडून जाताना प्रत्येक वेळी ते कोन मला दिसायचे. ग्राहकाने लिहिलं होतं ‘रंग चालेल’, आणि मी सांगितलं होतं ‘रंग छान आहे’. चालेल आणि छान यांच्यात केवढं अंतर आहे, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून मी दोन कसोट्या वापरते, आणि मुलांकडून त्या घोटून घेते.

पहिली कसोटी जागेची. ‘फाइन’ नामाच्या आधी लागला की बहुधा तोलून केलेली स्तुती असते किंवा बारीकपणा सांगितलेला असतो: ‘अ फाइन प्लेयर’ म्हणजे कसलेला खेळाडू, ‘फाइन यार्न’ म्हणजे तलम सूत. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांच्या मागून एकटाच आला की बहुतेक वेळा अर्थ एवढाच, की ठीक आहे, तक्रार नाही. ‘अ फाइन टॉवेल’ आणि ‘द टॉवेल इज फाइन’ ही दोन वाक्यं शेजारी लिहा आणि मोठ्याने वाचा. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात परवानगी.

दुसरी कसोटी ‘व्हेरी’ची. ‘ठीक आहे’ या अर्थाच्या ‘फाइन’पुढे ‘व्हेरी’ लागत नाही. म्हणूनच ‘आय अ‍ॅम व्हेरी फाइन’ हे वाक्य इंग्रजी कानाला खटकतं, आणि आपल्याकडे वर्गावर्गांतून तेच शिकवलं जातं याचा मला मनापासून राग येतो. उलट ‘द यार्न इज व्हेरी फाइन’ बरोबर आहे, कारण तिथे अर्थ तलम असा आहे. ‘फायनर’ आणि ‘फायनेस्ट’ ही रूपंही उत्तमची आणि बारीकची. ‘चालेल’ला तर-तम नसतो.

या दोन कसोट्या लावल्यावर उरलेली वाक्यं शेजारच्या शब्दावरून सुटतात. सूत, पीठ, वाळू, केस शेजारी असतील तर बारीक. सुताचा हिशोब तर आपल्या गावात घरोघरी ठाऊक असतो: वीस काउंट म्हणजे ८४० यार्डांच्या वीस लडी एका पौंडात. आकडा चढला की सूत ‘फायनर’. सोन्याशेजारी आला तर शुद्ध. दागिन्यावरचा ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं, आणि या मोजमापालाच ‘फाइननेस’ म्हणतात. ‘फाइन आर्ट्स’ म्हणजे ललित कला. ‘फाइन प्रिंट’ म्हणजे करारातल्या बारीक अक्षरातल्या अटी. त्या वाचल्याशिवाय सही करू नका. ‘वन फाइन डे’ म्हणजे नुसतं ‘एके दिवशी’, त्यात सुंदर काही नसतं. चहा विचारल्यावर कोणी ‘आय अ‍ॅम फाइन, थँक्स’ म्हणालं तर तो तब्येत सांगत नसतो, त्याला चहा नको असतो.

हवामानाचा ‘फाइन’ मात्र सोलापूरकराला फसवतो. तिथे अर्थ कोरडं, मोकळं आकाश. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा लख्ख उन्हाला चांगलं हवामान म्हणणारा माणूस सापडायचा नाही. आम्ही ढगाची वाट बघतो. इंग्लंडात पावसाची रिपरिप नेहमीची, म्हणून तिथे ऊन पडलेला दिवस ‘फाइन’. मराठीत त्याला अचूक शब्द आहे, उघडीप. तो शब्द वापरा. ‘छान हवामान’ लिहू नका.

चौथी पायरी: समानार्थी शब्द. इथे सगळ्यात जास्त वाईट सल्ले मिळतात. पीटर मार्क रॉजेटचा थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, १८५२ साली निघाला. त्यात शब्द कल्पनांनुसार गटागटाने लावले होते, म्हणजे ज्याला शब्द येतो पण आठवत नाही त्याच्यासाठी. अजून शब्द शिकणाऱ्याच्या हातात ती यादी दिली की तो वाटेल तो शब्द उचलतो.

एका मुलाने एका कारखान्याच्या माहितीपत्रकात ‘फाइन’ दोनदा नको म्हणून दुसऱ्या ठिकाणी ‘थिन’ लिहिलं. ‘थिन टॉवेल’ वाचल्यावर ग्राहकाने लगेच जीएसएम विचारला, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. त्याला वाटलं टॉवेल पातळ, विरळ आहे. तलम सुताचा टॉवेल चांगला जाड असू शकतो! ‘फाइन’ धाग्याबद्दल बोलतो, ‘थिन’ने टॉवेलच कमी प्रतीचा केला. ‘शीअर’ म्हणाल तर आरपार दिसणारं, ‘डेलिकेट’ म्हणाल तर जपून हाताळायचं. चारही शब्द कोशात शेजारी शेजारी असतात, पण टॉवेलला ‘शीअर’ म्हटलं तर तो विकला जाणार नाही.

म्हणून प्रत्येक समानार्थी शब्द त्याच वाक्यात ठेवून बघा आणि काय बदललं ते मराठीत एका ओळीत लिहा. बदल लिहिता आला नाही तर तो शब्द अजून तुमचा नाही, वापरू नका. दंडाच्या बाजूलाही हेच करायचं: कायदा किंवा संस्थेचा नियम मोडल्याचा ‘फाइन’, माल उशिरा गेल्याबद्दल करारात लिहिलेली ‘पेनल्टी’, सेवेबद्दल ‘फी’, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात जाते ती ‘कॉम्पेन्सेशन’.

पाचवी पायरी: लिहिताना हात आवरा. निरोपाला उत्तर म्हणून नुसतं ‘फाइन’ एवढंच लिहू नका. वाचणाऱ्याला बरेचदा ते ‘बरं, करा काय करायचं ते’ असं तुटक वाटतं. ‘दॅट्स फाइन, थँक यू’ लिहा. आणि कौतुकच करायचं असेल तर ‘फाइन’ सोडा, ‘वी लव्ह द कलर’ असं सरळ लिहा.

हे जमलं की पुढचा शब्द ‘फेअर’ घ्या. त्यातला गोरा आणि न्यायाचा ‘फेअर’ एका मुळाचा आहे, पण संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत भरणारा आपला गड्डा, म्हणजे जत्रेचा ‘फेअर’, वेगळ्याच लॅटिन शब्दातून आलेला आहे. तिथे दोन मुळांची दोन पानं करा, आणि बसभाड्याच्या ‘फेअर’चं स्पेलिंग निराळं असल्याने तो या वहीत घेऊच नका.