नर्तकांच्या आयुष्यावर माहितीपट करताना

नाशकात नृत्यावर माहितीपट करायला निघालेला नवखा दिग्दर्शक बहुधा आधी गोदाघाट गाठतो आणि पहाटेच्या धुक्यात गिरक्या घेणारी आकृती टिपून आणतो. दृश्य देखणे असते, पण त्या नर्तिकेचे घर कशावर चालते हे त्यातून कळत नाही. म्हणून सुरुवात वहीने करावी. आठवड्यात शिकवण्या किती, कार्यक्रम किती, मानधन हाती कधी पडते, गुडघा दुखावला तर त्या महिन्याचे भाडे कुठून येते, हे विचारून घ्यावे आणि त्या उत्तरांतूनच पटकथेचा आराखडा काढावा. विषय तमाशातील कलावंतांचा असेल तर चैत्र-वैशाखातील जत्रांच्या धांदलीत मुलाखतीचा हट्ट धरू नये. निवांत बोलणे पावसाळ्यात, फड बंद असताना होते.

परवानगी लेखी आणि मराठीत घ्यावी. नाट्यगृहाची परवानगी म्हणजे कलावंताची संमती नव्हे, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार सादरीकरणावर कलावंताचा स्वतंत्र हक्क असतो आणि तो 50 वर्षे टिकतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती म्हणून स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली, हे आपण कौतुकाने सांगतो. कॅमेऱ्याविषयीचा संकोच मात्र अजून पुरता गेलेला नाही. रंगपटात कॅमेरा घेऊन मी एकदा न विचारता शिरलो होतो आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोलले नाही.

खरी कसोटी ध्वनीची असते. घुंगरांचा आवाज इतका टोकदार असतो की पातळी आपोआप ठरवणारा माईक तो हमखास फाडतो. त्यामुळे वेगळा रेकॉर्डर घ्यावा, पातळी हाताने खाली ठेवावी आणि तो थेट फळ्यांवर न ठेवता घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवावा, नाहीतर प्रत्येक पदाघाताचा धप्प आवाज तबल्यावर चढतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने दिव्यांची लुकलुक चित्रात येऊ नये म्हणून सेकंदाला 25 चौकटी आणि शटर 1/50 सेकंद ठेवावे; चक्कर स्पष्ट हवी असेल तर 1/100.

संकलनात समेचे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचे, भान सुटू देऊ नये. तीनतालाच्या 16 मात्रा मोजता येत नसतील तर तबलजीला शेजारी बसवावे, कारण तिहाईचा, म्हणजे तीनदा म्हटल्या जाणाऱ्या बोलांचा, तिसरा पल्ला समेवर येण्याआधीच दृश्य तोडले तर जाणकार प्रेक्षक तिथेच खुर्चीत चुळबुळ करू लागतो.

कार्यक्रम संपल्यावर कॅमेरा आणखी दहा मिनिटे चालू ठेवावा. घुंगरांची सुती दोरी उलगडताना घोट्यावर उमटलेले वळ, पाय चोळणारा अंगठा आणि तेवढ्यात उद्याच्या शिकवणीसाठी वाजलेला फोन, हे सर्व प्रकाश नीट नसला तरी टिपावे.