सालाच्या मुळांनी खाल्लेलं साल
पीएच.डी.ला 'उंची आणि मायकोरायझा', म्हणजे मुळांशी जोडी जमवून राहणारी बुरशी, हा विषय घेताय? घ्या, विषय झकास आहे. फक्त मी आपटलो तिथे आपटू नका.

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर, पचमढीचं पठार हजाराच्या थोडं वर. हजार मीटरमागे तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, तेव्हा मुळांतली बुरशीही वर घटणार, हे मी गाडीत बसतानाच ठरवून टाकलं होतं. पायथ्याशी, मध्ये आणि पठारावर खणलं, मुळं पिशव्यांत भरून आणली. कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवली, चहाच्या गाळणीत धुतली, आम्लातून काढून ट्रिपॅन ब्लूमध्ये टाकली. खालच्या मुळांत पेशीपेशीत बुरशीची निळी झुडपं, वरच्यांत जवळजवळ शून्य. आलेख इतका सुरेख उतरला की दुसऱ्या दिवशी अख्ख्या लॅबला माझ्याकडून तर्री-पोहे.

प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "वर झाडं कोणती होती?"

साल. आणि खाली साग.

सागाच्या मुळात आर्बस्क्युलर बुरशी राहते. ती पेशीत शिरून झुडपासारखी फुटते. सालाचं नातं एक्टोमायकोरायझाशी. ती बुरशी मुळाच्या टोकावर मोज्यासारखी चढते, पेशींच्या फटींतून जाळं विणते, पेशीच्या आत पाऊल टाकत नाही. मी मोजत होतो झुडपं! सालात ती कुठून दिसणार? शिवाय खाली बेसाल्टवरची माती, वर वालुकाश्म. झाड बदललं, खडक बदलला, आणि मी सगळं उंचीच्या नावावर खपवलं. वर्ष गेलं.

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलात तरी ऐका: सगळ्या उंचींवर एकाच जातीचं मूळ घ्या, जमलं तर एकाच खडकावरचं, आणि एकाच आठवड्यात. झाडाखाली खणलं म्हणजे त्याच झाडाचं मूळ हाती आलं, असं नसतं. खोडापासून मूळ धरून बोटांनी माती उकरत टोकापर्यंत जा. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

सीनियरच्या थिसिसमधली पद्धत जशीच्या तशी उचलणं हा आपल्याकडचा जुना रोग. मीही तेच केलं होतं. आणि जे सर स्वतः कधी मातीत बसले नाहीत, त्यांनी "चालेल" म्हटलं तर दुप्पट घाबरा.

घाबरा म्हणजे विषय सोडू नका हं. स्लाइड वाचायला पंधरा दिवसांत जमतं. काळपट, आडवे पडदे असलेले तंतू दिसले तर ते आर्बस्क्युलरच्या खात्यात घालू नका. उंचावर ते बरेच भेटतात. वनखात्याचा परवाना मात्र चार-पाच महिने आधीच मागा.

दुसऱ्या खेपेला मी कुसळी गवत घेतलं, तिन्ही उंचींवर तेच. आलेख जवळजवळ आडवा आला. तोंड पाडूनच मॅडमना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा वर सरकवला, "आता लिहायला घे" म्हणाल्या.