झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप झोपला असं नव्हे: या चुका टाळा

लोकलच्या गर्दीत सॅक पाठीवरून काढून पोटाशी घ्यायची, हे आम्हा ठाणेकरांना कुणी शिकवावं लागत नाही. एका संध्याकाळी घाटकोपरच्या आसपास माझ्या पोटाला चक्क शेक बसायला लागला. डब्याची ऊब म्हणावी तर डबा दुपारीच रिकामा झालेला. सॅकमध्ये हात घातला तर लॅपटॉप इस्त्रीसारखा तापलेला आणि आत पंखा घरघरतोय. ऑफिसातून निघताना बॅटरी १०० टक्के होती, घरी पोचून झाकण उघडलं तर ७१.

दुसऱ्याच शनिवारी मी ४,२०० रुपये मोजून नवी बॅटरी बसवून घेतली. सोमवारी नवी बॅटरीही तशीच तापली.

आधी खर्च, मग तपास

बॅटरी बदला, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला, कूलिंग पॅड घ्या, असे सल्ले ढिगाने मिळतात. पेस्ट आणि पॅड लॅपटॉप चालू असतानाच्या तापण्यावर उपयोगी. बंद सॅकमध्ये तापणाऱ्या मशीनला त्यांनी काय फरक पडणार? तिथे प्रश्न एवढाच, की ते खरंच झोपलंय, म्हणजे स्लीप मोडमध्ये गेलंय का?

हे ओळखायला थोडा हिशोब पुरतो. समजा तुमची बॅटरी ५० वॉट-तासांची आहे आणि रात्री १० तासांत ४ टक्के उतरली. म्हणजे २ वॉट-तास गेले, सरासरी ०.२ वॉट. मशीन छान झोपलं होतं. तेवढ्याच वेळात ६० टक्के गेले, तर सरासरी ३ वॉट, म्हणजे आत कुणीतरी जागं आहे. आणि माझ्यासारखे तासाभरात २९ टक्के गेले, तर ते साडेचौदा वॉट. याला झोप म्हणत नाहीत, हे मशीन झाकण लावून कामच करत होतं.

बॅटरी खरंच म्हातारी झाली असेल, तर तेही पैसे न देता कळतं. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. पॉवर या इंग्रजी शब्दाला सी, एफ, जी ही अक्षरं चिकटवून लिहा, मग एक जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट हा शब्द सलग. जो अहवाल तयार होतो त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असताना किती भरायची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता किती भरते) असे दोन आकडे मिलिवॉट-तासांत असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० दिसला, तर बॅटरी थकलीय. माझ्या जुन्या बॅटरीचे आकडे मी ती दुकानात देऊन आल्यावर पाहिले. ती अजून सुमारे ४७,००० भरत होती. असो.

‘डू नथिंग’ करून विसरणं

माझ्या बाबतीत गुन्हेगार मीच होतो. ऑफिसात मोठा मॉनिटर जोडून लॅपटॉपचं झाकण बंद ठेवायचं, म्हणून कधीतरी मी पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘झाकण बंद केल्यावर काय करायचं’ या ठिकाणी ‘डू नथिंग’, म्हणजे काहीच करू नको, निवडलं होतं. ही सेटिंग दोन रकान्यांत असते: एक बॅटरीवर असताना, एक चार्जर लावलेला असताना. मी फक्त चार्जरवाला रकाना बदलला होता, त्यामुळे मनात खात्री की बॅटरीवर सगळं ठीक आहे.

पण ही सेटिंग झाकण मिटतं त्या क्षणी लागू होते. माझं झाकण मिटायचं सकाळीच, चार्जर लावलेला असताना. संध्याकाळी मी वायर उपटून मशीन तसंच सॅकमध्ये सारायचो. झाकण दुसऱ्यांदा मिटत नाही, त्यामुळे बॅटरीचा रकाना कुणी वाचतच नाही. आता मी आधी चार्जर काढतो, झाकण उघडून पुन्हा लावतो, आणि पंखा थांबल्याचं कानाने ऐकतो. खालच्या बाजूला तळहात लावून मिनिटभर थांबायचं. बायको म्हणते, बाळाला थोपटल्यासारखं दिसतं.

झोपेचा प्रकार न पाहता औषध देणं

सॅक थंड झाली, पण रात्रभरात २०-२५ टक्के जाणं सुरूच होतं. याचं कारण वेगळं. जुन्या लॅपटॉपच्या झोपेला एस-थ्री म्हणतात. त्यात फक्त मेमरीला वीज मिळते, बाकी सगळं बंद. विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये मॉडर्न स्टँडबाय आला, त्याला एस-झिरो म्हणतात. त्यात मशीन फोनसारखं अर्धवट जागं राहतं: मेल येतात, अपडेट उतरतात, झाकण उघडताच पडदा उजळतो. सगळे ड्रायव्हर (वायफायसारखे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) शिस्तीत वागले तर खर्च अगदी कमी. एकजण जरी रेंगाळला तरी अख्खं घर जागं.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते त्याच पॉवर-सीएफजी कमांडपुढे स्लॅश आणि ए लिहून कळतं. एस-झिरो असेल तर पुढे स्लॅश स्लीपस्टडी चालवा. गेल्या काही दिवसांतल्या प्रत्येक झोपेची कुंडली तयार होते: किती वेळ खरी गाढ झोप लागली, किती चार्ज गेला आणि कुणी उठवलं. टॉप ऑफेंडर्स नावाची यादीच असते त्यात. माझ्या यादीत पहिला होता वायफायचा ड्रायव्हर. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर आणि बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) घेतल्यावर निम्मा प्रश्न सुटला. बायॉस टाकताना मात्र चार्जर लावलेलाच हवा, मध्येच वीज गेली तर मशीन कायमचं झोपू शकतं.

इथे एक मोह टाळा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या आतल्या वहीत, अमुक नोंद टाका आणि जुनी एस-थ्री परत मिळवा, असा उपाय अनेक जण सांगतात. स्लॅश ए च्या उत्तरात ‘फर्मवेअरला (म्हणजे बायॉसला) ही स्थिती चालत नाही’ असं आलं असेल, तर या वाटेला जाऊ नका. मशीन झोपेल, पण उठेलच असं नाही.

खरा उतारा जुनाच आहे: हायबरनेट. मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. एसएसडी असेल तर उठायला काही सेकंद जास्त लागतात, बस्स. मेन्यूत हायबरनेट दिसत नसेल तर पॉवर-सीएफजीपुढे स्लॅश एच, जागा, ऑन असं लिहा. मी बॅटरीच्या रकान्यात झाकणाला हायबरनेटच लावून टाकलंय. आता रात्रीतून एखादा टक्का उतरला तर उतरला.

किरकोळ, पण छळणारं

वायरलेस माउसचा रिसीव्हर यूएसबीत तसाच ठेवून माउस चालू स्थितीत सॅकमध्ये टाकला, तर गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तो लॅपटॉपला हाक मारू शकतो. स्लॅश लास्टवेक विचारलं की शेवटी कुणी उठवलं ते कळतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या माउसच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली ‘संगणकाला उठवू द्या’ वरची खूण काढा, किंवा सरळ माउसचं बटण बंद करा.

आणि या सगळ्या तापण्यात कधी टचपॅड वर उचललेला दिसला, किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर कमांड वगैरे बाजूला ठेवा. बॅटरी फुगलीय. चार्जिंग त्या क्षणी थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर मुळीच नका, आणि मशीन बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्या. त्या दिवशी सॅक पोटाशी घेऊ नका.