मूल गप्प राहू लागले तर: कोकणातल्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

मुलाच्या मनावरचा ताण बहुतेक वेळा आधी शरीरातून दिसतो. शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखणे आणि रविवारी ते न दुखणे, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणे किंवा आवडीचा खेळ अचानक बंद होणे, हे बदल पंधरा दिवस टिकले तर ती नाटके समजू नयेत. आपल्याकडे वडील मुंबईला, आई मासळीबाजारात किंवा बागेत आणि मूल आजीपाशी अशी घरे पुष्कळ आहेत. तिथे हे बदल प्रथम आजीलाच कळतात, म्हणून मुंबईहून फोन करणाऱ्याने अभ्यासाची चौकशी करण्याआधी आजीला मुलाची झोप आणि जेवण विचारावे.

मुलाला समोर बसवून "शाळेत काय झालं?" असे विचारले की उत्तर "काही नाही" हेच येते. वालाच्या शेंगा निवडताना किंवा काजूगर सोलताना, हात कामात असताना बोलणे सोपे जाते. "मी उद्यापासून एसटीने जाणार नाही," असे नातू म्हणाला तर "सगळी पोरं जातात, तुलाच काय झालं?" हे वाक्य गिळून "एसटीत काय होतं रे?" एवढेच विचारावे आणि मग खरोखर थांबावे. ही शांतता मोठ्यांनाच जास्त जड जाते, असे माझे मत आहे.

कोणी नको तसा स्पर्श केल्याचे मुलाने सांगितले, तर "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," हे आधी म्हणावे. तेच तेच खोदून विचारू नये, त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवावेत आणि कोणालाच सांगणार नाही असे वचन देऊ नये. यानंतर भावकीत बसून मिटवण्याचा आग्रह होतो, कारण तो माणूस पुष्कळदा ओळखीचाच असतो. तो आग्रह ठामपणे नाकारावा. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक असून न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने साध्या वेशात घ्यावा, तसेच त्याची ओळख माध्यमांतून उघड होऊ नये, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. मदतीसाठी १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास चालतो.

शाळेने मुलांकडूनच शाळेचा आणि वाटेचा नकाशा काढून घ्यावा आणि भीती वाटते तिथे लाल खूण करायला सांगावे. स्वच्छतागृहामागची जागा, पावसाळ्यातला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), एसटीची मागची बाके अशा मोठ्यांच्या नजरेतून सुटलेल्या जागा त्यात सापडतात. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर असेल तर तिच्यात चिठ्ठी पडणार नाही. मारणे आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे, तेव्हा वर्गासमोर पाणउतारा करण्यालाही शिस्त म्हणता येत नाही.

"मला जगायचंच नाही," असे मूल म्हणाले किंवा तसे सुचवले, तर आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. मुलाला एकटे सोडू नये. आंब्याच्या फवारणीची औषधे आणि घरातल्या गोळ्या त्याच दिवशी कुलपात ठेवाव्यात, कारण अशा वेळी हाताशी विष नसणे यानेच जीव वाचू शकतो. टेली मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मानसोपचार मिळतात. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायला हरकत नाही, मात्र त्यासाठी डॉक्टरांची भेट एक दिवसही पुढे ढकलू नये. मूल पुन्हा शाळेत जाऊ लागेल तेव्हा वर्गशिक्षकांना काय आणि किती सांगायचे, हे आधी त्याच्याशी बोलून ठरवावे.