तुतीतील डिऑक्सिनोजिरिमायसिन प्रयोगशाळेत घडवताना

साखरेचे बंध तोडणाऱ्या विकरांना रोखणारी नैसर्गिक संयुगे अनेक असली, तरी संश्लेषणाचा हात बसण्यासाठी डिऑक्सिनोजिरिमायसिनच निवडावे, असे माझे मत आहे. त्याची रचना ग्लुकोजसारखीच असते. फक्त कड्यातील ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन असतो आणि पहिल्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट नसतो. विकराच्या खाचेत हा नायट्रोजन धनभारित होऊन घट्ट धरला जातो. जर्मनीत ते १९६०च्या दशकात आधी प्रयोगशाळेत घडवले गेले आणि तुतीच्या मुळाच्या सालीत ते १९७६ साली सापडले, हा क्रम मला फार विलक्षण वाटतो.

सुरुवात बाजारात मिळणाऱ्या टेट्राबेंझिल ग्लुकोजपासून, म्हणजे चार हायड्रॉक्सिल गट बेंझिल गटांनी झाकलेल्या ग्लुकोजपासून, करावी. कोरड्या टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइडने क्षपण केल्यावर कडे उघडून दोन मोकळे हायड्रॉक्सिल गट असलेले संयुग मिळते. या दोन्ही गटांचे उणे ७८ अंश सेल्सिअसला स्वर्न पद्धतीने (डायमिथाइल सल्फॉक्साइड आणि ऑक्झॅलिल क्लोराइड वापरून) ऑक्सिडीकरण करावे. तयार होणारे डायकार्बोनिल संयुग नाजूक असते. ते शुद्ध करण्याच्या किंवा रात्रभर ठेवण्याच्या फंदात न पडता त्याच दिवशी पुढे न्यावे.

पुढची पायरी सगळ्यांत मोलाची आहे. मेथॅनॉलमध्ये अमोनियम फॉर्मेट भरपूर जास्त प्रमाणात, सुमारे वीस पट, घेऊन सोडियम सायनोबोरोहायड्राइडच्या साहाय्याने नायट्रोजन दोन्ही टोकांना जोडला जातो आणि कडे पुन्हा मिटते. पाचव्या कार्बनवर हायड्रोजन कोणत्या बाजूने येतो यावर ग्लुकोची (ग्लुकोजसारखी) मांडणी मिळणार की इडोची (पाचव्या कार्बनवर उलटी), हे ठरते. बहुतांश ग्लुकोच मिळते, तरीही बेंझिल गट असतानाच स्तंभ-वर्णलेखनाने दोन्ही वेगळे करावेत, कारण गट निघाल्यावर ते फार जड जाते. ग्लुकोच्या प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनांची मांडणी दाखवणाऱ्या वर्णपटात) कड्यावरच्या शेजारी हायड्रोजनांतील युग्मन (कपलिंग) ९ हर्ट्झच्या आसपास दिसते. ते लहान दिसले तर थांबून पुन्हा तपासावे. सायनोबोरोहायड्राइडच्या मिश्रणात आम्ल ओतू नये, कारण त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. धूरकपाटाबाहेर हे काम करूच नये.

शेवटी पॅलेडियम-कार्बन आणि हायड्रोजन वापरून बेंझिल गट काढावेत. मुक्त अमाइन उत्प्रेरकाला मंदावते, म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल आधीच घालावे. कोरडा उत्प्रेरक मेथॅनॉलच्या वाफेत पेट घेऊ शकतो; तो नायट्रोजनखालीच टाकावा. उत्पादन आम्लधर्मी आयन-विनिमय राळेवर धरून पाण्याने धुवावे व विरल अमोनियाने उतरवावे.

विकरावरची चाचणी करताना यीस्टचे स्वस्त ग्लुकोसिडेज (ग्लुकोजचे बंध तोडणारे विकर) वापरण्याचा मोह आवरावा: डिऑक्सिनोजिरिमायसिन त्याला अगदी कमी रोखते आणि आपले संश्लेषण फसले असा चुकीचा समज होतो. उंदराच्या आतड्याची अॅसिटोन-पावडर (अॅसिटोनने वाळवलेली, विकरे असलेली भुकटी) आणि माल्टोज (दोन ग्लुकोज जोडलेली साखर) घ्यावे, बफर फॉस्फेटचे असावे, कारण ट्रिस हे दुसरे नेहमीचे बफर स्वतःच या विकरांना रोखते. सुटलेले ग्लुकोज ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज या दोन विकरांच्या पद्धतीने मोजावे. मात्र ज्ञात ग्लुकोजमध्ये रोधक मिसळून एक नळी वेगळी ठेवावी, म्हणजे रोधकाने मापनाचीच विकरे अडवलेली नाहीत, हे त्याच दिवशी कळते.